फोटोतल्या माणसाआधी मागची भिंत बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पारोळ्याजवळच्या गावातलं जुनं घर विकायचं ठरलं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, तर आजोबांच्या कागदांखाली साठ-सत्तर फोटो निघाले. बहुतेकांच्या मागे काही लिहिलेलं नाही आणि ओळखणारी माणसं राहिली नाहीत. चार फोटो मोबाईलवर काढून पाठवलेत: आजोबा खुर्चीवर, एक शाळेचा ग्रुप, आजी-आजोबांची जोडी, आणि भिंतीपुढे उभी असलेली पाच-सहा माणसं. हे कधीचे, कुठले, काचेला चिकटलेला फोटो कसा सोडवायचा, आणि गावातले पुतळे, कोरीव दगड, भिंतींवरची जुनी अक्षरं यांच्याशी मेळ घालून गावाचा छोटा संग्रह करता येईल का, असं विचारलंय.

मी अमळनेरला १९७४ साली डार्करूममध्ये पोऱ्या म्हणून लागलो, तेव्हा हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, हेही ठाऊक नव्हतं. नंतर टचिंग, म्हणजे ब्रश-पेन्सिलीनं फोटो सुधारणं, शिकलो, स्वतःचा स्टुडिओ टाकला, आणि आता दहाएक वर्षं लोकांच्या घरातले जुने फोटो दुरुस्त करतो, गावोगाव फिरून जुळवतो. त्या अनुभवावरून सांगतो.

काचेला चिकटलेल्या फोटोला आधी हात लावू नका. ब्रोमाइड, म्हणजे जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो, मऊ होतो आणि काचेला बसतो. ओढलात तर कागद तुमच्या हातात येईल आणि चेहरा काचेवर राहील. वाफ द्या, फ्रीजरमध्ये ठेवा असले उपाय सांगणारे भेटतील. मी दोन्ही करून पाहिलेत आणि दोन्हींत लोकांचे फोटो घालवलेत, आजही त्या घरांसमोरून जाताना मान खाली जाते. फ्रेमच्या मागचे खिळे सरळ करा, पुठ्ठा काढा, काचेची बाहेरची बाजू कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि काचेसकटच फोटो घ्या. यूएसबीवर चालणारे पातळ स्कॅनर इथे कामाचे नाहीत, काचेच्या जाडीमुळे चित्र धूसर येतं. त्यापेक्षा खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा फोटोला अगदी समांतर धरून काढा. काचेत तुमचंच प्रतिबिंब येत असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स काढा. आमच्या जुन्या प्लेट कॅमेऱ्यावरचं काळं फडकं असं पुन्हा उपयोगी पडतं.

आता तारखा. लोक आधी चेहरा बघतात, मी फोटो उलटा करतो. तुमच्या खुर्चीवरच्या फोटोमागे जांभळा लांबट शिक्का आहे. स्टुडिओचं नाव पुसलंय, पण ‘अमळनेर (पू. खा.)’ एवढं स्पष्ट वाचता येतं. एवढ्या अक्षरांत निम्मं उत्तर आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, जळगावचा पूर्व खानदेश आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश. १९६० च्या सुमारास ही नावं जाऊन जळगाव जिल्हा, धुळे जिल्हा झाले. म्हणजे ‘पू. खा.’ किंवा ‘प. खा.’ दिसलं की फोटो या दोन टोकांच्या मधला. पण रबरी शिक्का झिजल्याशिवाय कोणी नवा करत नाही, आमच्याकडे तर मुळीच नाही. म्हणून वरच्या टोकाला पाच-सात वर्षं सोडा. याच चालीनं आणखी खुणा वाचता येतात. शिक्क्यात पिनकोड असेल तर फोटो १९७२ नंतरचा. ‘नंदुरबार, जि. धुळे’ असेल तर बहुधा १ जुलै १९९८ च्या आधीचा, कारण त्या दिवशी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला.

शिक्का नसेल तर कागद बोलतो. फोटो उजेडात तिरपा धरा. काळ्या भागावर निळसर चांदीसारखी झाक दिसली तर तो चांदीचा ब्रोमाइड आहे, जुना, आणि कुठेतरी ओलीत राहिलेला. पिवळे-तपकिरी डाग असतील तर धुणाऱ्यानं हायपो नीट काढला नाही. अशा काही फोटोंचा धुणारा मीच असेन. कडा दातेरी कापलेल्या असतील तर साधारण तिसाव्या दशकापासून साठाव्यापर्यंतची पद्धत. कागद प्लास्टिकसारखा गुळगुळीत आणि मागूनही चकचकीत असेल तर सत्तरनंतरचा. रंगीत फोटोतलं सगळं आभाळ गुलाबी झालं असेल तर सत्तर-ऐंशीच्या दशकातला, तेव्हाचे रंग असेच उडतात. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, पातळ कागदाचा, तपकिरी आणि बारीक भेगांचा फोटो निघाला तर मात्र थांबा. तो अंड्याच्या पांढऱ्या भागातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला असू शकतो. खानदेशातल्या शेतकरी घरात असा क्वचितच सापडतो, रेल्वेत, कचेरीत किंवा कापसाच्या व्यापारात असलेल्यांच्या घरी मी दोन-तीनदा पाहिलाय.

शाळेच्या ग्रुप फोटोचं काम सर्वांत सोपं. पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांपैकी मधल्याच्या मांडीवर पाटी आहे. मोबाईलच्या फोटोत ती पांढरट दिसते, म्हणजे खडूनं लिहिलेलं आहे. मूळ फोटो भिंगाखाली धरा, इयत्ता आणि साल निघेल. तुम्ही लिहिलंय की मागच्या रांगेतले धोतरवाले मास्तर साने गुरुजी असावेत असं काका म्हणायचे. ताई, अमळनेरच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक जुन्या शाळेच्या फोटोत साने गुरुजी असतात. गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवायला होते ते १९२४ ते १९३० या काळात. पाटीवरचं साल त्यात बसत नसेल तर ते कोणीतरी दुसरे सज्जन मास्तर, आणि त्यांचंही नाव शोधण्याजोगं आहे. शाळेच्या जुन्या रजिस्टरात ते असण्याचा संभव बराच आहे.

असंच फैजपूरचं. गांधी टोप्यांची गर्दी दिसली की फोटो फैजपूर काँग्रेसचा ठरतो. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्या नगराची उभारणी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंतून केली. सार्वजनिक कला म्हणजे चौकातला पुतळा असंच वाटणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण खानदेशातलं या प्रकारचं सर्वांत मोठं काम काही दिवसांसाठी उभं राहिलं आणि उतरवलं गेलं. आता ते फक्त फोटोत आहे. म्हणून फैजपूरचा म्हणून दाखवलेला फोटो मी माणसांवरून तपासत नाही. मागे बांबूचं काम दिसतंय का, अंगावर थंडीचे कपडे आहेत का, हे बघतो. आतापर्यंत मला दाखवलेल्या तसल्या फोटोंपैकी एकच या कसोटीला उतरला, तोही अर्धा वाळवीनं खाल्लेला.

खुर्चीवरच्या आजोबांकडे परत येऊ. त्यांच्या मागचा पडदा बघा. महालाच्या पायऱ्या, डावीकडे कुंडी, लांब तळं, तळ्यात एक होडी. असं तळं अमळनेरला नाही, बोरी नदीत उन्हाळ्यात पाय ओला करायची मारामार. हा पडदा मी ओळखतो. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या अकरा फोटोंत तो माझ्याकडे आहे. कापडावर खळ देऊन, वर रंग चढवून पेंटर असे पडदे करायचे, आणि दिवस संपला की स्टुडिओवाला तो गुंडाळून ठेवायचा. गुंडाळल्यानं रंग तडकतो. या पडद्यावर खालून तिसऱ्या पायरीवर पोपडा निघालाय. माझ्याकडच्या एका लग्नाच्या फोटोत, ज्यामागे हातानं १९४८ लिहिलंय, तो पोपडा बोराएवढा आहे. दुसऱ्या एका फोटोत, साल १९५३, तो तळहाताएवढा होऊन होडीच्या खालपर्यंत गेलाय. तुमच्या फोटोत तो या दोन्हींच्या मधला दिसतो. म्हणजे तुमचे आजोबा त्या खुर्चीवर बसले ते पन्नासच्या आगेमागे. चेहऱ्यावरून वय सांगणाऱ्याला कोणी खोटं पाडू शकतं, पोपडा मात्र उलटा भरून येत नाही.

आणि हा पडदा रंगवणारा फक्त पडदेच रंगवत नव्हता. जत्रेतल्या तमाशाचा पडदा, दुकानाची पाटी, बैलगाडीच्या साट्यावरची फुलं, मंदिराच्या भिंतीवरचे जय-विजय, निवडणुकीतली चिन्हं, सगळं त्याच हातानं. म्हणून जुना फोटो आणि गावातली उघड्यावरची कला या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही. स्टुडिओतल्या महालाच्या कमानीची वेलबुट्टी आणि गावातल्या मारुतीच्या मंदिरावरची वेलबुट्टी शेजारी ठेवून बघा. पान काढताना ब्रश कुठे उचललाय ते जुळलं तर पेंटर एकच. कोपऱ्यात ‘पेंटर अमुक’ अशी सही असते, चुना लावताना ती आधी जाते.

तिसऱ्या फोटोबद्दल जरा जपून लिहितो. आजी-आजोबा शेजारी उभे आहेत. आजोबांच्या नाकाची सावली डाव्या गालावर पडलीय, आजींची उजव्या गालावर. एका खोलीत, एका दिव्याखाली असं होत नाही. आजींच्या खांद्याची कड फार सरळ आहे, आणि दोघांच्या मधे जी धूसर पट्टी आहे ती पेन्सिलीनं आणि ब्रशानं झाकलेली जोड आहे. म्हणजे हा जोडफोटो, दोन वेगळ्या फोटोंचा केलेला एक. हे काम मी स्वतः पुष्कळ केलंय. बाई लवकर गेलेली असायची, एकटीचा एखादा ग्रुपमधला फोटो असायचा. नवरा किंवा मुलगा तो घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘दोन्हींना एकठाव करी द्या.’ आम्ही दोन्ही प्रिंट एका मापाच्या करायचो, ब्लेडनं कापायचो, कडा मागून घासून पातळ करायचो, चिकटवायचो, टचिंग करून पुन्हा फोटो काढायचो. कधी मिटलेले डोळे उघडे रंगवायचो. त्याला कोणी फसवणूक म्हणत नव्हतं. तुमच्या आजी केव्हा गेल्या हे घरात विचारा. आजोबांच्या खुर्चीवरच्या फोटोआधी गेल्या असतील तर ही जोड का केली ते कळेल. आणि ट्रंकेत कुठेतरी आजींचा मूळ फोटो असेल, बहुतेक बायकांच्या एखाद्या ग्रुपमध्ये, पदर त्याच बाजूला आणि मान तशीच कललेली. तो शोधा, तो खरा.

चौथा फोटो मला सर्वांत आवडला, कारण त्यात माणसं सहा आणि भिंत भरपूर. मातीची, चुना दिलेली, धाब्याच्या घराची भिंत. वर अर्ध्या फूट उंचीची अक्षरं, त्यांतली ‘७८७’ एवढी वाचता येतात. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ते आकडे सांगावे लागत नाहीत, तो कपड्यांचा साबण अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातला. तो कारखाना काढणारी कंपनी डिसेंबर १९४५ मध्ये स्थापन झाली, पुढे तीच विप्रो. म्हणजे हा फोटो त्यापूर्वीचा असूच शकत नाही. माणसांच्या पोशाखावरून तुम्ही तो ‘इंग्रजांच्या काळातला’ ठरवला होता, पण तो फारतर त्या काळाच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांतला असू शकतो. गावाकडचा पोशाख पंचवीस वर्षं बदलत नाही, जाहिरात बदलते.

ती भिंत अजून उभी असेल तर पहिल्या पावसानंतर लगेच जाऊन बघा. चुन्याचे थर ओले झाले की पारदर्शक होतात आणि खालची जुनी अक्षरं वर येतात. मी असंच एका भिंतीवर विड्यांच्या जाहिरातीखाली चहाची, आणि चहाच्या खाली कुटुंब नियोजनाची जाहिरात पाहिली. ऊन पडलं आणि तासाभरात सगळं गेलं. फोटो काढायला एवढाच वेळ मिळतो.

फोटो उलटा छापला गेलाय का हेही एकदा तपासा, निगेटिव्ह उलटी बसली की उजव्याचं डावं होतं. अक्षरं असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर पुरुषांच्या सदऱ्याची बटणं बघा. नेहमी डावी पट्टी वर येते. सगळ्यांचीच उजवी वर असेल तर छापणाऱ्याची डुलकी लागली होती. मी एकदा तीन दिवस एका गावात वेशीच्या चुकीच्या बाजूला उभा राहून विहीर शोधत होतो, ती याच कारणानं.

आता गावातल्या गोष्टी. पारोळ्याला किल्ला आहे म्हणून लोक किल्ल्याचेच फोटो काढतात. तुम्ही वेशीपासून सुरुवात करा. वेशीबाहेर, मारुतीजवळ किंवा चिंचेखाली कोरीव दगड पडलेले असतात, शेंदूर फासलेले. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असेल, तर तो वीरगळ. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर सतीशिळा. गावातली ही सर्वांत जुनी सार्वजनिक कला, आणि जुन्या फोटोंत ती बहुधा कोणाच्या तरी पायाशी अर्धी दिसते, कारण लोक त्यावरच बसलेले असतात. शेंदूर खरवडू नका. तो कोणाच्या तरी श्रद्धेचा आहे, शिवाय खरवडताना दगडाची कड जाते. खडू किंवा तेल लावून कोरीव काम उठवायचंही टाळा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, आडव्या उन्हात कोरीव काम आपोआप उठून दिसतं. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात सगळा दगड सपाट दिसतो.

पुतळे बघताना चेहऱ्याआधी चौथरा. कोनशिलेवर अनावरणाची तारीख, कोणाच्या हस्ते, कोणत्या नगरपालिकेच्या काळात, सगळं असतं. मागच्या बाजूला, पायाशी, शिल्पकाराचं नाव कोरलेलं असतं, ते फार कमी जण वाचतात. बोटानं हलकं वाजवा. काशाचा आवाज भरीव येतो, फायबरचा पोकळ, डब्यासारखा. कोनशिलेचा फोटो आजच घ्या, उद्यावर टाकू नका. एका चौकाचं सुशोभीकरण झालं तेव्हा संबंधित कार्यालयानं जुनी संगमरवरी पाटी काढून नवी ग्रॅनाइटची बसवली, जुनी कुठे गेली हे विचारायला मी चार खेपा घातल्या. शेवटी ती एका गोदामात, नळाच्या पाइपांखाली, दोन तुकडे होऊन मिळाली. नव्या पाटीवर नूतनीकरणाची तारीख आहे, मूळ अनावरणाची नाही.

याच्या उलट नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथल्या बाजारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार मेहता आणि आणखी चार मुलं गेली. आज तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. त्या चौकातला तुमचा एखादा नातेवाइकाचा फोटो निघाला तर स्मारक दिसतंय की नाही, यावरून फोटो आधीचा की नंतरचा हे ठरेल. अशी एक ठाम खूण मिळाली की तिच्या आजूबाजूचे दहा फोटो जागेवर बसतात.

कायद्याचं दोन ओळींत सांगतो. सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेल्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात मोकळीक आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती तशीच लागू होते असं धरून चालू नका, चित्रकार हयात असेल तर विचारा, आणि नाव लिहा. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन तो काढवून घेणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या आजोबांचा. दुसऱ्या घरातल्या माणसांचे फोटो मात्र त्यांच्या घरी विचारल्याशिवाय जगापुढे मांडू नका, कायदा काहीही म्हणो.

चाळीसगावला एकदा जाच. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. १९१२ ते १९८९ असं आयुष्य, त्यातली कित्येक वर्षं त्या बंगल्याबाहेर जवळजवळ न पडता काढलेली. पंजाब मेलनं येणाऱ्या प्रेयसीची वाट बघण्याची गोष्ट तुम्हाला तिथला रिक्षावालासुद्धा सांगेल. गोष्ट ऐका आणि मग विसरा, कारण तिच्यापायी लोक फोटो बघायचे राहतात. मूस टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायचे आणि त्यातून डोंगर, बर्फ, वाट, संध्याकाळ उभी करायचे, सगळं उजेडाच्या जोरावर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका फोटोपुढे पाऊण तास उभा राहून दिवा कुठे ठेवला असेल ते शोधत होतो. तुमच्या जोडफोटोतल्या दोन सावल्या मला चटकन दिसल्या, त्यामागे ती सवय आहे.

संग्रहाचं खरं काम पारावर होतं. फोटो मोठे करून, पोस्टकार्डाच्या दुप्पट तरी, छापून न्या. मोबाईल पुढे केला तर म्हातारी माणसं ‘दिसत नही बेटा’ म्हणून मान फिरवतात. ‘हा कोण?’ असं विचारू नका, नाव आठवलं नाही की माणूस ओशाळतो आणि गप्प बसतो. जागा विचारा. चौथा फोटो मी असाच एका गावच्या आजींना दाखवला होता, तुमची परवानगी घेऊनच. त्यांनी माणसांकडे बघितलंच नाही. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘आठे हिर व्हती. आते नही शे.’ फोटोत विहीर नाही, पण त्या कोपऱ्यात दोराच्या घर्षणानं खाचा पडलेल्या दगडाची कड आहे, मी ती आधी पायरी समजलो होतो. विहीर आठवली तशी तिथे पाणी भरायला येणाऱ्या बायका आठवल्या, त्यांची घरं आठवली, आणि अर्ध्या तासानं सहातल्या दोन माणसांची नावं आली. पहिलं उत्तर लगेच खरं धरू नका. दुसऱ्या पारावर, दुसऱ्या आळीत, पहिल्याचं न सांगता पुन्हा विचारा. दोन्हीकडून एकच आलं तर लिहा, नाहीतर ‘बहुधा’ लावून लिहा.

लिहायचं कसं तेही सांगतो. फोटोच्या मागे पेन नको, शाई फुटते आणि पुढून दाब उमटतो. मऊ पेन्सिलीनं कडेला फक्त नंबर, बाकी सगळं वहीत. स्कॅन ६०० डीपीआयला, छोटे फोटो १२०० ला, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. फाईलला आधी गाव, मग साल, मग नंबर. ‘आजोबा नवीन फायनल २’ असली नावं ठेवाल तर दोन वर्षांनी तुम्हालाच सापडणार नाही. निगेटिव्हची पाकिटं निघाली तर नाकाजवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती कुजायला लागलीत, बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि आधी स्कॅन करा.

ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी, आणि जूनमध्ये त्याच ठिकाणी बुरशी. घरातल्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात ठेवा. प्रत्येक फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात. चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिक ओढायचे, ते ऐंशीच्या दशकात सगळ्यांनी घेतले आणि आता फोटो त्यांतून निघत नाहीत. कडुनिंबाचा पाला घालतात लोक, तो ओल सोडतो आणि डाग पाडतो. डांबरगोळ्या फोटोंना लागून नकोत.

आणि प्रती दोन गावी ठेवा. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला वर्षानुवर्षं लेण्यात बसून रंगवल्या, त्या लंडनला पाठवल्या, आणि १८६६ च्या तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. त्यांनी पुढे कॅमेऱ्यानं काढलेले फोटो मात्र टिकले, कारण त्यांच्या प्रती जगभर गेल्या होत्या. ते १८७९ मध्ये वारले, कबर भुसावळला आहे. माझं उदाहरण यापेक्षा लाजिरवाणं. रंगीत लॅब आल्यावर, मी ज्यांच्याकडे पोऱ्या होतो त्या उस्तादांनी काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या काढायला सांगितल्या. मी आणि आणखी एकानं आठवडाभर सोड्याच्या गरम पाण्यात त्या घासून स्वच्छ केल्या, कारण फ्रेमवाला काचेला नगावर पैसे द्यायचा. हातावर काळं पाणी ओघळायचं, त्यात चेहरे असायचे. तेव्हा रोजी मिळाली याचाच आनंद होता. तुमच्या आजोबांची मूळ निगेटिव्हही त्यातच गेली असणार, आता ती कोणाच्या तरी घरात गणपतीच्या फोटोवर काच म्हणून बसली असेल.

तुम्ही दिवाळीनंतर गावी येणार म्हणालात. अमळनेरला उतरलात तर ट्रंक घेऊनच या, पण त्याआधी एक करा. जोडफोटो टॉर्चच्या उजेडात अगदी आडवा धरा आणि दोघांच्या मधल्या पट्टीवर केसाएवढा उंचवटा दिसतो का ते बघा. दिसला तर तो पुन्हा काढलेला फोटो नाही, मूळ चिकटवलेला जोड आहे. मग त्याला पाकिटात उभा ठेवू नका, सपाट ठेवून, वर काही न ठेवता आणा. खळ सुकलेली असते, वाकला तर आजींची बाजू सुटून येईल.